शब्दचर्चा : पायाला भिंगरी ‘असते’ की ‘लागते’?

शाईपेन
दिवाळी अंकासाठी एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करते आहे. लेखिका कॉलेजात असताना पहिल्यांदा एकटी रात्रीच्या गाडीत बसली आणि तिथून पुढे तिचा सगळा जन्म फिरण्यात गेला. त्या रात्रीबद्दल बोलताना तिने ‘वाँडरलस्ट’ (हिंडण्याची अनावर ओढ) हा शब्द वापरला आहे. मी लिहिलं, ‘त्या रात्री माझ्या पायाला भिंगरी लागली.’ संपादकांनी वाक्य परत पाठवलं. म्हणाले, भिंगरी असते, लागत नाही. शिवाय ती धावपळीची, प्रवासाची नव्हे.

दुसरा मुद्दा मला पटतो. आमच्याकडे लग्नकार्यात मांडवातून माजघरात आणि माजघरातून परसात पळणाऱ्या मोठ्या काकूला ‘पायाला भिंगरी लावलीय जशी’ म्हणायचे, आणि काकू तालुक्याबाहेर क्वचितच गेली. मग जिथून ही ओढ सुरू होते त्या क्षणाला काय म्हणायचं? ‘प्रवासाची आवड निर्माण झाली’ हे दहावीच्या निबंधातलं वाक्य आहे, ते मला नको.

दर्यावर्दी
संपादक बरोबर आहेत. जुनी माणसं ‘पायावर चक्र आहे’ म्हणत, म्हणजे तळपायावरची रेषा, जन्मासोबत आलेली. भिंगरी त्याच घरातली. आपल्या भाषेत फिरणारा माणूस जन्मतःच फिरता असतो, मध्येच होत नाही.

तारवाली
भिंगरी म्हणजे खेळणं असंच सगळे धरून चालतात. पक्षी पाहणारे पाकोळीसारख्या दिसणाऱ्या एका पक्ष्याला तारवाली भिंगरी म्हणतात. पाण्यावरून सतत भिरभिरत असते, घडीभर तारेवर टेकते. वाक्प्रचार या पक्ष्यावरून आला असणार असं माझं ठाम मत आहे.

दर्यावर्दी
पायाला पक्षी कोण बांधेल? गरगर फिरणारं खेळणंच ते.

देशीवाण
‘देशाटन’ हा शब्द असताना भिंगऱ्या कशाला? ‘देशाटनाची ओढ’ म्हणा. सफर, मुशाफिरी हे अरबीतून आलेले शब्द तरी वापरू नका. शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश उगाच करवून घेतला नाही.

शाईपेन
देशीवाण, तो कोश दरबारी व्यवहारासाठी होता. माझी लेखिका जुनी जीन्स घालून दुसऱ्या वर्गाच्या डब्यात बसली आहे. तिच्या तोंडी ‘देशाटन’ कसं घालू?

क्रियापद
‘लागणे’ला एवढ्या सहज सोडू नका. तहान लागते, ओढ लागते, चटक लागते, वेड लागतं, दृष्ट लागते. या सगळ्यांत माणूस ‘मला’ होऊन बाजूला उभा असतो आणि ती गोष्ट बाहेरून येऊन त्याला धरते. शाईपेनताईंना हवा आहे तो क्षण नेमका हाच. अडचण एकच आहे. ‘मला प्रवास लागला’ म्हणता येत नाही, कारण गाडी लागते, बस लागते, बोट लागते, ती मळमळ. त्यामुळे मध्ये एक नाम घालावंच लागतं, आणि ते कोणतं, हाच प्रश्न आहे.

दर्यावर्दी
बोट लागण्यावरून सांगतो. साठच्या दशकात आम्ही मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने विजयदुर्गाला जायचो. बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी करत निघायची. डेकवर पथारी टाकलेली, आई लिंबू हुंगत आडवी, आजूबाजूला निम्मी माणसं ओकत असायची. मला काही व्हायचं नाही, मी कठड्याला धरून उभा. बंदर आलं की बोट बाहेरच थांबायची आणि काठावरून पडाव यायचा. दोन्ही हलत्या. पडाव लाटेबरोबर वर आला की खलाशी दंडाला धरून म्हणायचा, ‘हां, आता!’ त्या क्षणी उडी टाकायची. खाली गेला की थांबायचं. पहिल्यांदा ती उडी मारली तेव्हा मी सातेक वर्षांचा असेन. पुढे आयुष्यभर जहाजावर नोकरी केली ती त्या उडीपायी. आई म्हणायची, ‘ह्याला बोट लागायची सोडून बोटीचं वेड लागलं.’ तेव्हा शाईपेन, ‘वेड’ घ्या.

शाईपेन
काका, पण मग तुमची जन्मजात चक्रवाली भूमिका तुम्हीच मोडलीत.

लालडबा
आमच्याकडे शब्द ‘नाद’. दहावीनंतर वडिलांनी एसटीचा ‘आवडेल तेथे कोठेही प्रवास’ पास काढून दिला, सात दिवसांचा. स्टँडवर उभं राहून पाट्या वाचायच्या आणि वाटेल त्या गाडीत चढायचं. अक्कलकोटला जायला निघून मी रात्री तुळजापूरला उतरलो होतो. तेव्हापासून नाद लागला, तो अजून सुटलेला नाही.

क्रियापद
नाद वाईटाचा लागतो. ‘नादी लागला’ म्हणजे वाया गेला.

लालडबा
बैलगाडा शर्यतीचा नाद, भजनाचा नाद, कुस्तीचा नाद. आमच्या भागात कौतुकानेच म्हणतात.

कड्यावरचा
ट्रेकवाले सर्रास म्हणतात, ‘हरिश्चंद्रगड केला आणि भटकंतीचा किडा चावला.’

देशीवाण
किडा चावणं हे इंग्रजीचं सरळ भाषांतर. मराठीत किडा डोक्यात वळवळतो, चावत नाही.

माळरान
किड्याचं जाऊ द्या. ‘भटकंती’ तुम्ही सगळे हौसेने लिहिता. माझ्या वडिलांच्या दाखल्यावर ‘भटकी जमात’ आहे. १८७१ च्या कायद्याने अशा कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का पुसला, म्हणून ‘विमुक्त’. गावकुसाबाहेर पाल टाकलं की रात्री चौकशीला माणूस यायचा. आजी ‘बिऱ्हाड हाललं’ म्हणायची, भटकलो असं कधीच म्हणाली नाही. भटके हे नाव आम्हाला दुसऱ्यांनी दिलं. आठवड्याची सुट्टी काढून गडावर जाणाऱ्याने ते मिरवावं, हे मला खुपतं.

कड्यावरचा
तुमचं म्हणणं समजलं. तरी शब्द आता दोन अर्थांनी रुळलाय. तो मागे कसा घेणार?

माळरान
मागे घ्या असं म्हणत नाही. वापरताना माहीत असावं.

राईनकाठ
‘वाँडरलस्ट’ हा मूळ शब्द जर्मन आहे, म्हणून इथून लिहिते. जर्मनीत ‘वांडर्न’ म्हणजे पायी हिंडणं, डोंगरात चालणं. आणि ‘लुस्ट’मध्ये इच्छाही आहे, आनंदही. दूरची ओढ म्हणायची तर इथले लोक ‘फेर्नवेह’ म्हणतात, म्हणजे दूरदेशीचं दुखणं. घरच्या आठवणीने जीव कासावीस होतो ते ‘हाइमवेह’, त्याचंच उलटं.
इथे सुतार, गवंडी शिकून तयार झाले की तीन वर्षं आणि एक दिवस फिरतीवर जायची जुनी रीत आहे. त्या काळात घरापासून पन्नास किलोमीटरच्या आत पाऊल ठेवायचं नाही. स्टेशनवर असा एक मुलगा भेटला होता. काळी कॉर्डरॉय पँट, रुंद काठाची टोपी, हातात पिळदार काठी आणि एक गाठोडं. मी विचारलं, जड नाही जात? म्हणाला, पहिला महिना जड गेला, आता घरी परतायचीच भीती वाटते.

शाईपेन
दुखणं! ‘त्या रात्री मला दूरचं दुखणं जडलं.’ चालेल का? दुखणं जडतं, म्हणजे क्षणही सापडतो.

देशीवाण
‘दूरचं दुखणं’ वाचून लोक डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातील. ओढ घ्या.

क्रियापद
ओढ घेतली तर ‘दूरची ओढ लागली’. ‘लागणे’ परत आलंच.

तारवाली
दर्यावर्दी, तुमचा पडाव म्हणजे होडी ना? माझ्या मुलीच्या पुस्तकात ‘आयुष्यातला महत्त्वाचा पडाव’ आहे, टप्पा या अर्थी.

दर्यावर्दी
तो हिंदीतला पडाव, मुक्काम. मराठीत पडाव तरंगतो. वर्तमानपत्रांनी हा घोळ केलाय.

लालडबा
फौजेचा तळ पडतो, त्यावरून पडाव होऊ शकतो की मराठीतही.

दर्यावर्दी
तळ पडतो, पडाव पडत नाही. कोकणात कुणालाही विचारा.