गायरानावरचा रानफुलांचा उतार वृक्षलागवडीतून वाचवण्यासाठी मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार,

आमचे गाव नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना अंजनेरी डोंगराच्या अलीकडे आहे. गावच्या गायरानातला एक खडकाळ उतार येत्या पावसाळ्यात गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) झाडे लावण्यासाठी निवडला गेला आहे. पडीक जमीन हिरवी व्हावी, हा ग्रामस्थांचा हेतू चांगलाच आहे. परंतु हा उतार पडीक नाही. कातळावरून पाणी झिरपते तेथे सीतेची आसवे आणि गेंद फुलतात, थोडी माती साचलेल्या जागी तेरडा आणि कवला येतो, आणि पाऊस ओसरू लागला की सोनकीने सगळा उतार पिवळा होतो.

त्र्यंबकला वर्षाला 2000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर तीसेक किलोमीटरवरच्या नाशिक शहरात तो 700च्या आसपास असतो. त्यामुळे हा उतार गेल्यास ही फुले कमी पावसाच्या पूर्वेकडे सरकून सरकून किती सरकणार? तेरड्यासारख्या वर्षायू वनस्पती बियांच्या जोरावर बांधावर, रस्त्याच्या कडेला नवी जागा धरतात, आणि तशा त्या आमच्याकडे दिसूही लागल्या आहेत. कंदांवर जगणाऱ्या कंदीलपुष्पांना मात्र हे सहज साधत नाही. सेरोपेजिया अंजनेरिका हे कंदीलपुष्प अंजनेरीच्याच नावाने ओळखले जाते, आणि तो डोंगर 2017 मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झाला. पण त्या हद्दीबाहेरच्या आमच्यासारख्या उतारांकडे कोणाचे लक्ष नाही.

मला सर्वांत जास्त काळजी मातीची वाटते. गिरिपुष्प मूळचे मध्य अमेरिकेकडचे असून त्याच्या मुळांवरील गाठींमुळे जमिनीत नत्र वाढते. शेताला ते उपकारक असले, तरी ही फुले पातळ, निकस मातीतच टिकतात. माती सकस झाली की उंच गवत माजते आणि त्यात ती दबून जातात. शिवाय झाडांची सावली पडणार ती वेगळीच.

ग्रामसभेत हे पटवून देण्यासाठी उताराची नोंद कशी करावी? केवळ छायाचित्रे पुरेशी ठरतील, की ठरावीक चौकटी आखून जून ते ऑक्टोबर दर पंधरवड्याला मोजणी करावी? लागवडीसाठी गावठाणाजवळची खोल मातीची जागा सुचवण्याचा माझा विचार आहे, कारण नुसता विरोध केल्यास माझे म्हणणे कोणी ऐकून घेणार नाही.

दुसरा प्रश्न गवताचा आहे. गुरांसाठी गवत कापणे थांबवावे असे मला मुळीच वाटत नाही, कारण कापणीमुळेच उतार मोकळा राहतो. सोनकीचे बी गळून पडेपर्यंत कापणी पुढे ढकलली, तर चाऱ्याचा कस किती कमी होतो, हे पशुपालकांनी कृपया सांगावे.

रस्त्याच्या बाजूने पिवळा कॉसमॉस हे तणासारखे पसरणारे परदेशी फूलझाडही वर चढू लागले आहे. फुलण्याआधी ते मुळासकट उपटण्याचा उपाय कोणी केला असल्यास, किती वर्षे सातत्य ठेवावे लागले आणि उपटलेल्या जागी पुढे काय उगवले, हे जाणून घ्यायचे आहे.