कोटिंग न झालेला आरसा पावसाळ्यात कसा ठेवावा?

कोकणी_खगोल:
मी रत्नागिरीचा. दुर्बिणीच्या सहा इंची, एफ/८ (नाभीय अंतर व्यासाच्या आठपट) आरशाचं फिगरिंग, म्हणजे पृष्ठभागाला नेमका आकार देणं, गेल्या आठवड्यात संपलं. काच साधी फ्लोट, म्हणजे खिडकीला असते तशी. कोटिंगला (वर चकचकीत धातूचा थर द्यायला) दिवाळीनंतरच पाठवता येईल, म्हणजे चार महिने या दमट हवेत काढायचे. सध्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलाय. चालेल का?

पिचलॅप:
नाही चालणार, आजच बाहेर काढा! कागद ओल धरतो आणि पिशवी ती बाहेर जाऊ देत नाही. साध्या काचेत सोडा असतो. पाण्याचा पातळ थर दिवसेंदिवस तसाच राहिला की काचेतलं सोडियम त्यात उतरतं, पाणी अल्कधर्मी होतं आणि मग तेच काच खायला लागतं. त्यातून आलेला दुधी डाग पुसून जात नाही. पावसात भिजलेल्या काचांच्या थप्पीत हाच डाग दिसतो. बोरोसिलिकेट (उष्णता सोसणारी काच) याला बरंच जास्त टिकतं.

आधी वाहत्या पाण्याखाली धरा, पॉलिशच्या सेरियम पावडरचे कण निघून जाऊ देत. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब घालून कापसाचा ओला बोळा त्याच्या स्वतःच्या वजनानेच फिरवा, दाबू नका. पुन्हा डिस्टिल्ड वॉटर. उरलेले थेंब टिश्यूच्या टोकाने टिपून घ्या. पूर्ण वाळल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात, पाठीखाली बुचाचे तीन तुकडे देऊन ठेवा. पॉलिश केलेल्या बाजूला काहीही टेकता कामा नये. सोबत निळी सिलिका जेल. ती गुलाबी झाली की तापवून पुन्हा वापरता येते, पण तिच्यात कोबाल्ट असतं, म्हणून स्वयंपाकाची कढई नको.

डोंबिवली_८इंची:
माझा आरसा फोमवर पालथा ठेवला होता. सप्टेंबरमध्ये पाहिलं तर फोम टेकला होता तिथे ढगाळ पट्टा. फार वाईट वाटलं. पिच लॅपवर (डांबरासारख्या पिचचा थर असलेल्या पॉलिशच्या चकतीवर) दहा मिनिटं फिरवल्यावर पट्टा गेला, पण फूको चाचणीत (सावल्यांवरून आरशाचा आकार तपासतात ती) कड खाली गेलेली दिसली. फिगरिंग परत करावं लागलं. तुमच्या आरशात साधा गोल आकार आणि दुर्बिणीला लागणारा पॅराबोला यांच्यातला फरकच जेमतेम ०.३ मायक्रॉन आहे, त्यामुळे डाग दिसला तरी लगेच लॅपवर घेऊ नका.

कोकणी_खगोल:
काढला, धुतला. अंधारात तिरका टॉर्च मारून पाहिलं, मध्यभाग स्वच्छ आहे. कडेला नखाएवढा पुसट डाग राहिलाय.

पिचलॅप:
कडेला तेवढा असेल तर हात लावू नका, तसाच कोटिंगला पाठवा. दर पंधरा दिवसांनी जेलचा रंग तेवढा बघत जा.