नवरा रियाधला, मी सासू-सासऱ्यांसोबत दुबईत: निघण्याआधी काय उरकावं?

राजारामपुरी_ते_दुबई:
पुढच्या महिन्यात मामा-मामींना (म्हणजे सासू-सासऱ्यांना) घेऊन कोल्हापुरातून दुबईला परत जातेय. आम्हा तिघांचे रेसिडेन्स व्हिसा नवऱ्याच्या स्पॉन्सरशिपवर आहेत. आम्ही पोचल्यावर आठवड्याभरात कंपनी त्याला पाच महिन्यांसाठी रियाधला पाठवणार आहे. मामांना शुगर-बीपी, मामींचे गुडघे. कागदपत्रं, औषधं, वर्षाची चटणी, तिन्हीचं सांगा. तो नसताना घरात कुरबुर होऊ नये म्हणून काही करता येत असेल तर तेही.

कागदवाला:
आधी कंपनीला विचारायला सांगा, दुबईचा व्हिसा चालू ठेवून पाठवताय की बदली करताय? बदली असेल तर त्याचा व्हिसा रद्द होतो आणि त्यावर उभे असलेले तुमचे तिघांचेही अडचणीत येतात. व्हिसा चालू राहणार असेल तर १८० दिवसांचा हिशेब ठेवा. सलग त्याहून जास्त देशाबाहेर राहिलं की रेसिडेन्सी जाते. पाच महिने बसतात, पण साइटचं काम लांबतंच, म्हणून मध्ये एकदा दोन दिवस येऊन जाऊ दे. आईवडिलांचा व्हिसा एकेक वर्षाचा असतो. मुदत या पाच महिन्यांत संपत असेल तर नूतनीकरण तो असतानाच करा.

खरी अडचण ओटीपी आणि अ‍ॅपवरच्या मंजुरीची. बँक, दीवा (वीज-पाण्याचं खातं), यूएई पास (सरकारी कामांची डिजिटल ओळख), सगळे त्याच्या नंबरवर आणि फोनवर. तिथं सौदीचं सिम घेतलं तरी दुबईचं सिम रोमिंगवर चालू ठेवायचं. त्याच्या खात्यावरच्या तुमच्या सप्लिमेंटरी कार्डावर खरेदी होते, पण भाड्याचा चेक तुम्हाला फाडता येत नाही. तारखा बघून चेक आधीच देऊन ठेवा, खात्यात तेवढी शिल्लकही हवी. मुखत्यारपत्र तो निघण्याआधी दुबईच्या नोटरीपुढंच करा. इथून करायचं म्हटलं तर नोटरी, मंत्रालय, परराष्ट्र खातं, यूएई दूतावास, मग तिथलं परराष्ट्र खातं आणि अरबी भाषांतर. कुणी सांगितलंय!

डंकवाली:
चटणीचं नीट ऐका. यूएईत खसखस अमली पदार्थात धरतात, पुडीभर सापडली तरी अटक होऊ शकते. आपल्या कांदा-लसूण चटणीत ती असतेच. तेव्हा नेण्यापुरती वेगळी करा, खसखशीऐवजी तेवढेच तीळ आणि थोडं खोबरं वाढवा. मसाला कुटायच्या डंकावर सकाळी पहिला नंबर लावा आणि आधी डंक झाडून घ्यायला लावा, नाहीतर आधीच्या गिऱ्हाईकाची खसखस तुमच्यात येणार. अनारसे आणि डिंकाचे लाडू बॅगेत घालू नका. विकतच्या मसाल्याच्या पाकिटामागची यादी वाचा.

औषधं मूळ स्ट्रिपमध्येच. डबीत काढून नेलेल्या गोळ्या कसल्या, ते कस्टमला सांगता येत नाही. चिठ्ठीवर जेनेरिक नाव, डोस, डॉक्टरांचा शिक्का. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, प्रीगाबालिन हे तिथं नियंत्रित आहेत. शुगरवाल्यांना पायाच्या मुंग्यांसाठी प्रीगाबालिन बरेचदा देतात, मामांची चिठ्ठी बघा.

बिनखांबी:
व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल दुबईतून लागत नाही, मेसेज जातात. म्हणून बोटिम हे कॉलचं अ‍ॅप आत्ताच इथल्या नणंदेच्या, शेजाऱ्यांच्या फोनवर घालून लावून बघा. गावाकडचा आवाज बंद झाला की म्हातारी माणसं चिडचिडी होतात आणि ते सुनेवर निघतं.

मामांच्या हातात त्यांचे स्वतःचे दिरहम, नोल कार्ड (बस-मेट्रोचं), घराची किल्ली द्या. दर वेळी सुनेकडं मागायला लागणं त्यांना जड जातं. खिशात इमारतीचं नाव आणि दारावरच्या पाटीचा दहा आकडी मकानी नंबर (इमारतीच्या पत्त्याचा) लिहिलेली चिठ्ठी. अ‍ॅम्ब्युलन्स ९९८. उन्हाळ्यात फिरणं पहाटे, नाहीतर मॉलमध्ये.

नवऱ्याचा फोन स्पीकरवर, सगळ्यांसमोर. एकदा मामींचा वेगळा आणि एकदा तुमचा वेगळा झाला की तो तिकडून न्यायाधीश होतो, आणि निकाल कुणालाच पटत नाही. दवाखान्याचा निर्णय तुमचा, त्यासाठी त्याच्या फोनची वाट बघायची नाही, हे त्यानं जाण्याआधी मामा-मामींसमोर बोलून जाऊ दे. इन्शुरन्स कार्डावर कोणते दवाखाने चालतात ती यादी फ्रीजवर चिकटवा.

राजारामपुरी_ते_दुबई:
मामींच्या गुडघ्याच्या स्ट्रिपवर ट्रमाडॉल + पॅरासिटामॉल लिहिलंय. चालेल?

डंकवाली:
परवानगीशिवाय अजिबात नाही. डॉक्टरांकडून इथंच बदलून घ्या आणि नवीन गोळी निघण्याआधी दोन आठवडे देऊन बघा. तीच लागत असेल तर यूएई सरकारच्या साइटवर आधी अर्ज करा, परवानगीची प्रिंट हातातल्या बॅगेत ठेवा.