शब्दचर्चा : गाणी ‘चोरणे’, ‘भरणे’ की ‘बुडवणे’?

विचारणा : कलाकाराला पैसे न देता गाणी उतरवून घेणं, याला मराठीत नेमकं काय म्हणावं? वर्तमानपत्रांत ‘चाचेगिरी’ वाचते, पण घरात असं कोणी बोलत नाही. ‘चोरी’ म्हटलं की मुलगा विचारतो, “कोणाचं काय नेलं?”

प्रतिसाद : चाचा म्हणजे समुद्रात जहाजं लुटणारा. ‘पायरेट’चं भाषांतर करून तो गाण्यांना चिकटवला, म्हणून जिभेवर बसत नाही. महाराष्ट्राच्या १९८१ च्या स्थानबद्धतेच्या कायद्यात झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांच्या पंगतीला पुढे ‘दृक्‌श्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती’ येऊन बसल्या. एवढं लांबलचक लिहूनही कंसात ‘व्हिडिओ पायरेट्स’ घालावंच लागलं.

लोकांनी आपला शब्द केला तो ‘भरणे’. आमच्या तालुक्याला एसटी स्टँडसमोरच्या मोबाइलच्या दुकानावर पाटी होती : ‘गाणी भरून मिळतील’. दुकानदार कार्ड संगणकाला लावायचा, विचारायचा, “लावणी, भक्तिगीतं, की सगळं मिक्स?” पीठ भरून द्यावं तसं. पैसे आम्ही देतच होतो, पण ते भरून देणाऱ्याला. गाणाऱ्याचा विचार त्या शब्दात कुठेच नव्हता, आणि मला हेच सगळ्यात लागतं.

आपल्याकडे कलाकाराला द्यायच्या पैशाला शब्द कमी नाहीत. बैठक संपली की बिदागी, फडात दौलतजादा, व्याख्यानाला मानधन. पण हे सगळे कलाकार समोर असतानाचे. तो समोर नसताना त्याचं जे येणं होतं ते ‘स्वामित्वधन’, आणि हा शब्द करारातच राहिला. बोलताना सगळे ‘रॉयल्टी’च म्हणतात.

तुमच्या मुलाचा प्रश्न रास्त आहे. ‘चोरी’ म्हटलं की मालकाच्या हातून वस्तू गेल्याचं चित्र उभं राहतं. ‘वीजचोरी’, ‘वाङ्मयचौर्य’ आहेत, त्यामुळे शब्द चुकीचा नाही. तरी मी ‘बुडवणे’ म्हणेन. भाडं बुडवतात, मजुरी बुडवतात, कर बुडवतात. तिथे कोणाच्या घरातून काही उचललेलं नसतं, पण ज्याचं येणं आहे त्याला ते मिळत नाही. करबुडवा तसा मानधनबुडवा.

शंका : ज्याने उक्ते पैसे घेऊन गाणं देऊन टाकलं, त्याचं काय बुडलं?

प्रतिसाद : कायद्याने याचा थोडा विचार केलाय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून चित्रपटातलं गाणं थिएटरबाहेर वापरलं गेलं, तर स्वामित्वधनातला आपला वाटा गीतकार-संगीतकाराला वारस किंवा हक्कसंस्था (त्यांच्या वतीने हे पैसे गोळा करून वाटणारी संस्था) सोडून कोणाच्या नावे करून देताच येत नाही.

पण घरचं सांगतो. माझे वडील ढोलकी वाजवायचे. लोकगीतांच्या एका कॅसेटसाठी त्यांना उक्ते पैसे मिळाले होते आणि दुसरीचं बोलणंही झालं होतं. तेवढ्यात जत्रेत त्याच गाण्यांच्या नकली कॅसेट निघाल्या. वरचं कव्हर फिकट झेरॉक्सचं, वादकांची नावं उडालेली. कंपनी म्हणाली, माल उठत नाही, आणि दुसरी कॅसेट निघालीच नाही. कार्यक्रम ठरवताना विसार देतात त्याला आमच्याकडे सुपारी म्हणतात. काल वडिलांना विचारलं, “अण्णा, याला काय म्हणाल?” ते म्हणाले, “सुपारी बुडाली.”