सभेची सूचना स्पॅममध्ये का गेली? स्पॅमअसॅसिनचे गुण कसे वाचावेत?

वाचनालय_कार्यवाह
नमस्कार. आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना सभासदांना वाचनालयाच्या स्वतःच्या डोमेनवरून ईमेलने पाठवली होती. अनेकांना ती स्पॅम फोल्डरमध्ये सापडली, काहींना मिळालीच नाही, आणि आता सूचना वेळेत दिली नाही अशी लेखी तक्रार आली आहे. लेटरहेडवरील सही-शिक्क्याचे पान स्कॅन करून ते चित्र मेलमध्ये घातले होते, वेगळा मजकूर नव्हता आणि सर्व पत्ते बीसीसीमध्ये होते. एका सभासदाने त्याच्या कार्यालयातील मेलचे हेडर (मेलसोबत येणारी तांत्रिक माहिती) पाठवले आहे; त्यात ‘एक्स-स्पॅम-स्टेटस: येस, स्कोअर ५.२, रिक्वायर्ड ५.०’ अशी नोंद दिसते. आक्षेपार्ह काहीही नसताना हे गुण येतात कुठून?

मेल_प्रशासक
ही नोंद स्पॅमअसॅसिन या मेल सर्व्हरवर स्पॅम ओळखणाऱ्या प्रोग्रामची आहे. तो कोणत्याही एका कारणावरून निकाल देत नाही. शेकडो लहान नियम मेलवर चालवतो, लागू पडलेल्या प्रत्येक नियमाचे गुण मिळवतो किंवा वजा करतो, आणि बेरीज मर्यादेपर्यंत पोहोचली की मेलवर स्पॅमचा शिक्का बसतो. मूळ मर्यादा ५ आहे. त्याच ओळीत पुढे ‘टेस्ट्स’ या शब्दानंतर लागू पडलेल्या नियमांची नावे असतात, ती पाहावीत. आपल्या वर्णनावरून माझा अंदाज असा, की चित्र मोठे आणि मजकूर नगण्य, फक्त एचटीएमएल भाग, ‘टू’ हे हेडरच नाही आणि पाठवणाऱ्या आयपी पत्त्याला रिव्हर्स डीएनएस नाव (आयपी पत्त्यावरून शोधता येणारे सर्व्हरचे नाव) नाही, असे नियम तेथे दिसतील. यांपैकी एकटा कोणताही नियम मेल अडवत नाही, पण चार-पाच एकत्र आले की निर्दोष सूचनाही मर्यादा ओलांडते.

शब्दांच्या सांख्यिकीवर चालणाऱ्या बेझियन भागाचाही यात वाटा असू शकतो. मूळ मांडणीत किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकवल्याखेरीज तो कामालाच लागत नाही, आणि ज्या सर्व्हरने मराठी पत्रे फारशी पाहिलेली नाहीत त्याला आपले शब्द ओळखीचे नसतात. आपल्या मेलमध्ये तर शब्दच नव्हते, त्यामुळे बाजूने बोलणारा पुरावा काहीच उरला नाही.

जुना_वापरकर्ता
नियमच चुकला तर काय होते, याचे उदाहरण १ जानेवारी २०१० रोजी दिसले. ‘तारीख फार पुढची आहे’ हे ओळखण्यासाठी स्पॅमअसॅसिनमध्ये जो नियम होता, त्यात २०१० पासूनची सर्व वर्षे भविष्यकाळात धरलेली होती. त्या दिवशी योग्य तारखेच्या प्रत्येक मेलला त्या नियमाचे गुण लागले, आणि बहुतेक मांडणींत ते तीनहून अधिक होते. म्हणजे पाचपैकी निम्म्याहून जास्त वाटा निव्वळ तारखेचा. दुरुस्ती त्याच दिवशी आली, पण ज्या प्रशासकांनी नियम अद्ययावत केले नाहीत त्यांच्याकडे चांगली पत्रे पुढेही अडत राहिली. म्हणून हेडर न वाचता पाठवणाऱ्याला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. नको असलेला मेल आला तर तो पुसता येतो, पण हवे असलेले पत्र अडले तर अनेकदा ते आले होते हेच कळत नाही.

मेल_प्रशासक
पूर्ण सहमत. याच कारणाने, संशयास्पद मेल गुपचूप टाकून देण्याऐवजी सर्व्हरने तो दारातच ५५० या उत्तराने नाकारावा असे माझे ठाम मत आहे. निदान पाठवणाऱ्याला परत आलेला मेल दिसतो आणि तो फोन तरी करू शकतो.

कार्यवाह महोदय, सूचनेचा पूर्ण मजकूर युनिकोड मराठीत मेलमध्येच लिहावा आणि स्कॅन केलेले पान पीडीएफ म्हणून जोडावे. ‘टू’मध्ये वाचनालयाचा पत्ता घालावा. होस्टिंग कंपनीकडून रिव्हर्स डीएनएस, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदी करून घ्याव्यात; शेवटच्या तिन्हींवरून मेल खरोखर आपल्याच डोमेनचा आहे का, हे मेल घेणारा सर्व्हर तपासतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने प्रत्येक पाठवणाऱ्यासाठी एसपीएफ किंवा डीकेआयएम आवश्यक केले आहे. जीमेल खात्यांना दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना तर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क हे तिन्ही लागतात. जीमेल गुण दाखवत नाही, परंतु ‘शो ओरिजिनल’ उघडल्यास या तपासण्यांचा निकाल दिसतो. सभासदांना ‘आमचा पत्ता सुरक्षित यादीत टाका’ एवढेच सांगून थांबू नये, कारण पाठवणाऱ्याचा पत्ता कोणालाही खोटा लिहिता येतो.

वाचनालय_कार्यवाह
हेडर पुन्हा पाहिले. चित्राचा, ‘टू’चा आणि रिव्हर्स डीएनएसचा, हे तिन्ही नियम त्यात आहेत. होस्टिंग कंपनीला आजच लिहितो, आणि नवी सूचना मजकुरासह पाठवण्यापूर्वी त्याच सभासदाला एक चाचणी मेल पाठवून गुण मागवतो. तोपर्यंत ज्यांना मेल मिळाला नाही त्यांना सूचनेची छापील प्रत हातपोच देण्याची व्यवस्था केली आहे.