प्रतिसाद: इकॉनॉमी सेव्हनची वेळ सगळ्यांची एक नाही

इकॉनॉमी सेव्हन म्हणजे ब्रिटनमधली रात्री सात तास स्वस्त वीज देणारी योजना. तिच्याबद्दल वरच्या पोस्टमध्ये 'रात्री १२ ते सकाळी ७ स्वस्त दर' असं सरसकट लिहिलंय, ते पटलं नाही. तास सात हे बरोबर, पण ते नेमके कोणते हे ब्रिटनमध्ये भागाप्रमाणे आणि मीटरप्रमाणे बदलतं. शिवाय बरेच मीटर वर्षभर जीएमटीवरच, म्हणजे ब्रिटनच्या हिवाळी वेळेवरच चालतात. हिवाळ्यात रात्री साडेबारा ते सकाळी साडेसात असेल, तर मार्चअखेर उन्हाळी वेळेसाठी घड्याळं तासभर पुढे गेली की तेच दीड ते साडेआठ होतं. म्हणजे उन्हाळ्यात रात्री बाराला वॉशिंग मशीन लावलं तर ते महागड्या दरातच धुऊन मोकळं!

बिलावरची वेळ बघाच, पण खात्री मीटरवरच करा. दर बदलण्याच्या वेळेच्या आसपास स्वस्त आणि महाग अशी दोन्ही रीडिंग लिहून घ्या आणि पाण्याचा इमर्शन हीटर चालू करा. ३ किलोवॉटचा हीटर २० मिनिटांत १ युनिट खातो, त्यामुळे कुठला आकडा पुढे सरकला ते लगेच कळतं. आणि मीटरशेजारी 'रेडिओ टेलिस्विच'चा, म्हणजे रेडिओ सिग्नलवर मीटरचा दर बदलणारा जुना डबा असेल तर वीज कंपनीला आधी फोन करा. बीबीसीच्या लाँगवेव्ह रेडिओ प्रसारणावरून येणारा तो सिग्नल ३० जून २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतलाय.