पोटॅशियम ५.४ आणि पायांना मुंग्या: जेवणात नेमकं काय बदलायचं?

सईची_आई: सासऱ्यांचं वय ६६, ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचं माप) २६, डायलिसिस नाही. रात्री तळपायांची आग होते, मुंग्या येतात. डॉक्टर म्हणाले पोटॅशियम कमी करा. मग बटाटा, पालेभाज्या, डाळ सगळंच बंद का? बीपीसाठी लो-सोडियम मीठ वापरतोय.

पथ्य_पाणी: ताई, पहिल्यांदा ते मीठ थांबवा. सोडियम कमी केलेल्या मिठात त्याच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. साधंच मीठ घ्या, पण कमी.

नसांच्या पेशीत पोटॅशियम भरपूर आणि बाहेर थोडं, या फरकावर त्यांचं काम चालतं. रक्तातलं वाढलं की तो फरक घटतो, नस बिघडत जाते. ऑस्ट्रेलियात किडनीच्या आजाराच्या स्टेज ३-४ च्या पेशंटना दोन वर्षं कमी पोटॅशियमचा आहार दिला, तेव्हा नसांचं नुकसान वाढण्याचा वेग मंदावला होता.

बटाट्याची साल काढून पातळ काचऱ्या करा, मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात उकळा, पाणी ओतून द्या, नव्या पाण्यात परत उकळा. नुसतं भिजत घालून पोटॅशियम फारसं निघत नाही. कुकरच्या डब्यात सालासकट अख्खा उकडलात तर जवळपास सगळं आतच राहतं. पालेभाजीही अशीच उकडून पिळून घ्या. खरी गोम त्या ओतलेल्या पाण्यात आहे: आपल्याकडे ते आमटीत जातं! कटाची आमटी त्यांच्यासाठी नाहीच. डाळ बंद नको, प्रमाण आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या. शहाळं, टोमॅटोचं सार, केळं, चिकू टाळा. सफरचंद, पेरू यांत सफरचंद निवडा. पोट साफ राहतंय ना तेही बघा, बद्धकोष्ठात पोटॅशियम चढतं.

गोळी_बाटली: मुंग्यांवर दुकानातून 'नसांच्या गोळ्या' आणू नका. त्यांत जीवनसत्त्व बी-६ असतं आणि जास्त डोस बरेच महिने घेतला तर त्यानेच नसा खराब होतात. बी-१२ मात्र तपासा, विशेषतः मधुमेहाचं मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं असेल तर. नसांच्या दुखण्यावरचं प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन लिहून दिलं असेल तर ईजीएफआर दाखवून डोस विचारा. ही औषधं किडनीवाटे बाहेर पडतात. डोस जास्त झाला की झापड येते, तोल जाऊन म्हातारी माणसं पडतात.

पथ्य_पाणी: एक राहिलं. कमरख, ते कापल्यावर चांदणीसारखं दिसणारं फळ, एक फोडही नको. किडनी अधू असलेल्यांना त्यातल्या विषारी घटकांमुळे न थांबणारी उचकी, भ्रम, फिट येऊ शकते. चुकून खाल्लं आणि उचकी लागली तर थेट हॉस्पिटल गाठा.